रिकाम्या हाताने

शेजारच्या घरून पदार्थ भरून आलेला डबा रिकामा परत पाठवू नये, असा संकेत मराठी घरांतून पुष्कळ काळ पाळला गेला. घरात त्या दिवशी देण्याजोगे काहीच नसले तर तळाशी चिमूटभर साखर टाकून का होईना, डबा परत जात असे. त्या साखरेने शेजाऱ्याच्या चहाची गरज भागत नव्हती आणि ती भागावी अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. आलेल्या वस्तूची दखल घेतली गेली आहे, दोन घरांमधला व्यवहार येथे संपलेला नाही, एवढेच तिने सांगायचे असे. हाच संकेत प्रवासाला लागू झाला की त्याचा विस्तार होतो. परगावी गेलेला माणूस हाही एका अर्थाने घराने बाहेर पाठविलेला डबाच. तो रिकामा परत यायचा नाही.

परदेशी गेलेल्या प्रवाशाने परतीपूर्वी केलेली भेटवस्तूंची खरेदी हा विषय वरवर पाहता क्षुल्लक आहे. परंतु त्याच्या मुळाशी हा जुना संकेत आहे आणि त्या संकेताच्या पोटात एक नैतिक प्रश्न आहे. दूर असलेल्या माणसांच्या स्मरणाचे ऋण वस्तूने फिटते काय? आणि ते फेडण्याच्या धावपळीत त्याच शहरात वाट पाहत बसलेल्या एखाद्या आप्ताचे ऋण मागे पडले, तर त्याचा हिशेब कोणी ठेवायचा?

काशीयात्रा करून आलेला यात्रेकरू गंगेचा गडू घेऊन येई. त्याची पूजा होऊन मावंदे घातले गेल्याखेरीज यात्रा पुरी झाली असे मानले जात नसे. पंढरीहून परतणारा वारकरी बुक्का, चुरमुरे, तुळशीची माळ आणतो. या वस्तूंचा एक विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. त्यांत प्रतवारी नसते. मामलेदाराच्या कपाळी लागणारा बुक्का आणि गड्याच्या कपाळी लागणारा बुक्का एकाच पुडीतला असतो. वाटण्याच्या क्रमात आणि वाटणाऱ्या हाताच्या उंचीत गावाची उतरंड डोकावत असे, हे नाकारण्यात अर्थ नाही. कित्येकांच्या ओंजळीत तर तो वरूनच टाकला जाई. पण वस्तू तरी एकच होती. प्रसादाला किंमत नसल्यामुळे त्याची विभागणी किमतीने करणे शक्यच नव्हते.

आधुनिक प्रवासाच्या भेटवस्तूने नेमकी हीच मर्यादा ओलांडली. तिच्यावर किमतीची चिठ्ठी असते आणि म्हणून तिला घेणाऱ्याची पायरी ठाऊक असते. व्याह्यांना काय, वरिष्ठांना काय, शेजाऱ्यांना काय आणि पोळ्या करणाऱ्या बाईंना काय, याची मनातल्या मनात एक सारणी तयार होते. लग्नघरात आहेराची वही असते. कोणी किती घातले हे तीत नोंदवून ठेवायचे, म्हणजे त्यांच्याकडील कार्यात तेवढेच किंवा किंचित अधिक परत घालता येते. प्रवाशाच्या खिशातील यादी ही त्या वहीची धाकटी बहीण होय.

'सुवेनिर' या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ वस्तू असा नाही. ते 'आठवणे' या अर्थाचे क्रियापद आहे आणि ज्या लॅटिन धातूपासून ते आले त्याचा अर्थ खालून वर येणे, मदतीला धावून येणे असा आहे. आठवण मनाच्या तळातून आपण होऊन वर येते, ही मूळची कल्पना. पुढे ती वर आणण्यासाठी हातात काहीतरी असावे असे वाटू लागले आणि क्रियेचे नाव वस्तूला मिळाले. मराठीत 'आठवण' या शब्दानेही हाच प्रवास केला आहे. 'तुमची आठवण येते' आणि 'ही माझी आठवण म्हणून ठेवा' या दोन वाक्यांत शब्द एकच आहे, परंतु दुसऱ्या वाक्यातील आठवण पुडक्यात बांधता येते.

भारतीय प्रवाशाच्या बाबतीत या पुडक्याला एक आर्थिक इतिहासही आहे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याच्या काळात परदेशी जाणाऱ्याला मिळणारे चलन इतके तुटपुंजे असे की हॉटेलात उतरणे बहुतेकांच्या आवाक्यात नव्हते. लंडनमध्ये चुलतभाऊ असणे म्हणजे लंडनला जाता येणे. आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस पाहुणे बैठकीच्या खोलीत गाद्या घालून राहत. यजमानीण सकाळी कामावर जाण्यापूर्वी त्यांच्यासाठी पोळ्या करून ठेवी. परतताना रेझरची पाती, नायलॉनची साडी, अत्तराची बाटली, झाले तर एखादा ट्रान्झिस्टर, असे काही आणले जाई. या वस्तू येथे मिळत नव्हत्या, किंवा मिळाल्या तर मुंबईच्या मुसाफिरखान्यात चोरट्या वाटेने आलेल्या मिळत. (यादीतले एखादे नाव विसरले गेल्याचे विमानतळावर उतरल्यावर ध्यानात आलेले प्रवासी तेथूनच ती उणीव भरून काढीत, अशी थट्टा त्या काळी चाले, ती निव्वळ थट्टा नसावी.) पुढे १९९१ नंतर आयात मोकळी होत गेली, जुन्या कायद्याच्या जागी १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा आला आणि २००४ पासून निवासी भारतीयाला वर्षाकाठी ठराविक रक्कम बाहेर नेण्याची सरसकट मुभा मिळाली, प्रारंभी ती २५ हजार डॉलर होती, २०१५ मध्ये अडीच लाख डॉलर झाली. लंडनच्या दुकानातले चॉकलेट आता साताऱ्याच्या दुकानातही मिळते. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर कढीपत्ता आणि हिरवी मिरची मिळते.

दुर्मिळता संपल्यावर भेटवस्तूंची चाल ओसरायला हवी होती. ती ओसरली नाही. यादी उलट वाढली. यावरून एवढे म्हणता येते की वस्तूचा उपयोग हे तिचे खरे प्रयोजन कधीच नव्हते. डब्यातल्या साखरेप्रमाणे ती खूणच होती. ओसरले ते निराळेच, आणि ते म्हणजे आप्ताच्या घरी राहणे. चलन मिळू लागल्यावर प्रवासी हॉटेलात उतरू लागला. ही गोष्ट एका दृष्टीने न्यायाचीच झाली, कारण त्या पंधरा दिवसांच्या पाहुणचाराची किंमत यजमानिणीने कोणत्या वहीत मांडली असती, हे त्या काळी कोणी विचारले नव्हते. नातेवाइकाला धर्मशाळा समजणे म्हणजे माणसाला साधन समजणेच. पण साधन समजून का होईना, पंधरा दिवस एका छपराखाली काढलेले असत. भांडण झालेले असे, एकत्र आजारपण निघालेले असे. आता आप्ताकडे 'जाऊन यायचे' असते. प्रवासाच्या आखणीत ती दोन तासांची नोंद होते.

साताऱ्याहून लंडनला गेलेल्या एका निवृत्त शिक्षक दांपत्याच्या एका दिवसाचे उदाहरण येथे घेता येईल. सहल कंपनीने दिलेला तो एकच मोकळा दिवस होता. शिक्षकांची आत्या हॅरो या उपनगरात राहते. ब्रिटनच्या आरोग्यसेवेने १९६० च्या दशकात भारतातून अनेक डॉक्टर नेले. त्यांपैकी एकाशी तिचा विवाह झाला आणि १९६६ मध्ये ती तिकडे गेली. आता वय चौऱ्याऐंशी, यजमान गेलेले, मुलगा स्कॉटलंडमध्ये. इंग्रजीत तिला नुसते 'आंट' म्हणतील, जे मावशीलाही लागू आहे आणि मामीलाही. मराठीत मात्र आत्या या शब्दाला एक कामगिरी जोडलेली आहे. बारशाला पाळण्यातल्या मुलाच्या कानात नाव सांगण्याचा मान तिचा. या गृहस्थांचे नाव जगात सर्वांत प्रथम ज्या तोंडातून त्यांच्या कानी गेले, त्या बाईंनी त्यांना एक वाजता जेवायला बोलावले होते.

सकाळी वेस्टमिन्स्टरच्या पुलाजवळ खरेदी सुरू झाली. यादीत सत्तावीस नावे होती. तेथील टपऱ्यांवर लाल बस, लाल टेलिफोनची पेटी, बिग बेनचा मनोरा आणि टॉवर ब्रिज अशा चार गोष्टी किल्लीच्या साखळीपासून चहाच्या मगापर्यंत सर्व आकारांत मिळतात. बहुतेकांच्या तळाशी चीनमध्ये तयार झाल्याची नोंद असते. बिग बेन हे वस्तुतः आतल्या घंटेचे नाव. मनोऱ्याला २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात. पण त्या नावाने साखळी खपणार नाही. गंमत अशी की मागच्या दारावर उघडी चौकट असलेली ती दुमजली बस लंडनच्या नित्य वाहतुकीतून २००५ च्या डिसेंबरमध्ये निवृत्त झाली, आणि गाइल्स गिल्बर्ट स्कॉट या वास्तुकाराच्या १९२४ च्या आराखड्यातून जन्मलेल्या टेलिफोनच्या पेटीत शिरून आता क्वचितच कोणी फोन करतो. शहर जे वापरणे सोडून देते तेच ते आठवण म्हणून विकावयास काढते. जिवंत वस्तूला आठवणीची गरज नसते, असा याचा अर्थ घेता येईल. आप्तांच्या बाबतीत मात्र हे तर्कशास्त्र चालवणे अवघड आहे.

पुलापासून ऑक्सफर्ड स्ट्रीटला जाईपर्यंत अकरा वाजले. सूनबाईंचा अंगरखा एका दुकानात आवडला, मापात मिळाला दुसऱ्या दुकानात. व्याह्यांसाठी घ्यावयाचा मफलर जावयांच्या मफलरापेक्षा स्वस्त दिसता कामा नये, या विचाराने दोन्ही बदलले गेले. पर्यटकांना पूर्वी मिळणारी कराची परतफेड २०२० च्या अखेरीस ग्रेट ब्रिटनमध्ये बंद झाली आहे, हे पैसे देण्याच्या रांगेत कळले, आणि त्यामुळे हिशेब पुन्हा मांडावा लागला. एक वाजून गेला. 'थोडा उशीर होईल' असा फोन केला गेला. भूक लागली म्हणून उभ्याउभ्याच काहीतरी खाल्ले गेले. बाँड स्ट्रीटहून निघून वेम्बली पार्कला गाडी बदलून हॅरो-ऑन-द-हिलला ते उतरले तेव्हा साडेतीन झाले होते.

ज्या गावाहून हे दांपत्य आले, त्या गावाला अशा स्मरणवस्तूंचा एक मोठा अनुभव आहे, आणि तो येथे नोंदवणे अप्रस्तुत ठरू नये. १८१८ नंतर साताऱ्याला इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून आलेल्या जेम्स ग्रँट डफने जाताना काही वाघनखे बरोबर नेली. मराठ्यांचा इतिहास लिहून १८२६ मध्ये प्रसिद्ध करणारा तो हाच. ती त्याला भेट मिळाल्याचे पेटीवरील लेख सांगतो. पुढे त्याच्या वंशजाने ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला दिली. १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी वापरली गेली ती हीच, याला पुरावा नसल्याचे संग्रहालय स्वतःच सांगते. तरीही जुलै २०२४ मध्ये ती तीन वर्षांच्या मुदतीने महाराष्ट्रात आली आणि प्रथम साताऱ्यात मांडली गेली, तेव्हा पाहणाऱ्यांच्या रांगा लागल्या. या रांगेत हे दांपत्यही उभे होते. राज्य गेलेल्या मुलखात राज्यकर्त्याच्या प्रतिनिधीला मिळालेली 'भेट' कितपत भेट असते, हा प्रश्न इतिहासकारांचा आहे. येथे एवढेच पुरे की एकाची स्मरणवस्तू दुसऱ्याचे स्मरण उचलून नेऊ शकते. नेणाऱ्याला ती प्रवासाची आठवण असते. जेथून नेली तेथे एक रिकामी जागा उरते.

हॅरोच्या त्या घरी टेबलावर मटकीची उसळ, बटाट्याची भाजी, वरण-भात आणि शेवयांची खीर झाकून ठेवलेली होती. पाहुण्यांना भूक नव्हती. आत्या जेवली नव्हती. "आधी घास खाऊन घ्या, मग बोला," असे ती म्हणाली आणि तिघेही जेवायला बसले, त्यांतली दोघे केवळ पानाची लाज राखण्यासाठी. तिची मराठी १९६६ ची होती. साताऱ्यात आता कोणी न वापरणारे शब्द तिच्या बोलण्यात ताजे होते. मेतकूट, गोडा मसाला आणि कुरडया तिने हातात घेऊन पाहिल्या, मग विचारले, "आणि कंदी पेढे?" दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेण्यास मनाई आहे, या कायद्याला धरून चालणाऱ्या शिक्षकांनी पेढे आणले नव्हते. आत्याने मान डोलावली. साताऱ्याचा माणूस कंदी पेढ्यांवाचून आला, हे तिला पटले असे मात्र दिसले नाही.

निघताना शिक्षकांनी वडिलांनी दिलेले पाकीट पुढे केले. वडील म्हणजे तिचे दादा, वय अठ्ठ्याऐंशी. पाकिटात भाऊबीजेची ओवाळणी, पाचशे रुपयांची एक नोट. लंडनमध्ये त्या नोटेने केळेही विकत मिळत नाही. आत्याने आतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणला. त्यात अशी पुष्कळ पाकिटे होती. कोणत्या वर्षी कोणाबरोबर आले हे प्रत्येकावर तिने लिहून ठेवलेले. त्यांतल्या आठ पाकिटांत पाचशेच्या जुन्या नोटा होत्या, ज्या ८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्री चलनातून गेल्या.

"या बदलून घ्यायच्या राहूनच गेल्या का, आत्या?"

"बदलायच्या कशाला? खर्चायच्या थोड्याच होत्या."

या उत्तरावर तत्त्वचिंतकाने थांबावे असे त्यात काही आहे. पैसा हा स्वभावतः विसराळू पदार्थ आहे. तो कोणाच्या हातून आला याची खूण तो ठेवीत नाही, आणि म्हणूनच तो सर्वत्र चालतो. येथे मात्र चालणे थांबल्यामुळे तो स्मरण झाला होता. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, देणे हे कर्तव्य आहे म्हणून दिलेले ते सात्त्विक, आणि फळावर किंवा परतफेडीवर डोळा ठेवून, कष्टी मनाने दिलेले ते राजस. या कसोटीला ओवाळणी पुरती उतरत नाही. ती ओवाळण्याच्या बदल्यात दिली जाते. तिची वाट पाहिली जाते. ती न आल्यास राग येतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याने १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात दाखविले की जुन्या समाजांत देणे, घेणे आणि परत देणे ही तिन्ही बंधने होती. निखळ, निर्हेतुक भेट त्याला कोठे आढळली नाही. मॉसची बाजू येथे अधिक मानवी वाटते. ओवाळणी निर्हेतुक नाही आणि तरी तिच्यात काही उणे आहे असे म्हणवत नाही.

मग साखळ्या आणि ती नोट यांत फरक कोणता? निर्हेतुकपणाचा नव्हे, किमतीचाही नव्हे. फरक पत्त्याचा आहे. डझनाच्या भावाने घेतलेली साखळी यादीतील कोणत्याही हातात पडू शकते. तिच्यावर नाव नंतर चिकटवले जाते, आणि ऐनवेळी ते बदलताही येते. पाकिटातली नोट दुसऱ्या कोणाला देताच येत नाही. ज्या क्षणी साखळी विकत घेतली त्या क्षणी इमारतीच्या राखणदाराचा चेहरा डोळ्यांपुढे होता असे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. डोळ्यांपुढे यादीतील अठरावा क्रमांक होता. 'तेथे तुमची आठवण झाली' असे ती देताना म्हटले जाते, ते वाक्य बारकाईने पाहिल्यास असत्य ठरते.

परंतु यावरून साखळी टाकाऊ ठरत नाही. वस्तू दिल्याने प्रेम सिद्ध होत नसेल; न दिल्याने विस्मरण मात्र तत्काळ सिद्ध होते. सव्वीस जणांना काही मिळाले आणि सत्ताविसाव्याला नाही, हे त्याला संध्याकाळपर्यंत कळते. पोळ्या करणाऱ्या बाईंच्या वाट्याला वर्षभरात हिशेबाबाहेरचे जे दोन-चार प्रसंग येतात, त्यांतला तो एक असतो. तेव्हा ती खरेदी प्रेमाची नसली तरी कोणाला दुखवू नये या सावधपणाची असते, आणि हा सावधपणाही नीतीच्या प्रांतातलाच आहे. प्रश्न एवढाच की सत्तावीस जणांना न दुखवण्यासाठी लागलेले अडीच तास कोणाच्या दिवसातून काढले गेले. त्यांची दुखापत संभाव्य होती. झाकलेल्या ताटांशी बसलेल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईची भूक प्रत्यक्ष होती. दूरच्याचे ऋण मोठे की जवळच्याचे, हा नीतिशास्त्रातील जुना वाद आहे. येथे त्याला एक विचित्र वळण मिळते, कारण रोजच्या आयुष्यात जवळचे असलेले सत्तावीस जण त्या दिवशी दूर होते, आणि एरवी दूर असलेली आत्या त्या एकाच दिवशी जवळ होती. सत्तावीस जणांना आणखी पुष्कळ दिवस भेटता येणार होते.

आत्यानेही रिकाम्या हाताने पाठविले नाही. दादासाठी एक विणलेला स्वेटर दिला, आणि कापडात गुंडाळलेला एक पितळी खलबत्ता. लग्नानंतर साताऱ्याहून निघताना आईने तो तिच्या ट्रंकेत घातला होता. त्यात तिने एकोणसाठ वर्षे वेलदोडे कुटले. "तो दादाच्या घरचा आहे, तिथे जाऊ दे. माझ्या मागे इथे कोणी तो ओळखणार नाही." मुलगा, सून, नातवंडे यांच्याविषयी तक्रारीचा सूर त्यात नव्हता. मॉसने आपल्या निबंधात माओरी लोकांची एक समजूत सांगितली आहे, की दिलेल्या वस्तूत देणाऱ्याच्या ठिकाणचे काहीतरी वसत असते आणि ते आपल्या मूळ स्थानी परतू पाहते. पुढील अभ्यासकांनी मॉसच्या या अर्थावर पुष्कळ आक्षेप घेतले आहेत. हॅरोच्या त्या स्वयंपाकघरात ते आक्षेप कोणाला सुचले असते असे वाटत नाही.

रात्री हॉटेलच्या खोलीत बॅगेचे वजन झाले. एका बॅगेला २३ किलोंची मर्यादा. काटा साडेपंचविसाच्या पुढे गेला. दुसरी बॅग आधीच भरलेली. खलबत्ता हातातल्या सामानात घेतल्यास सुरक्षातपासणीत अडकेल अशी भीती होती. शिक्षक काही बोलले नाहीत. बाईंनी पलंगावर सर्व पुडकी काढून मांडली आणि यादी हातात घेतली. चॉकलेटचे चार मोठे डबे बाजूला गेले, कारण तीच चॉकलेटे साताऱ्यात मिळतात. सहा मग गेले. व्याह्यांचा मफलर दोन वेळा बाहेर आला आणि दोन वेळा आत गेला. साखळ्या हलक्या होत्या, त्या राहिल्या. खलबत्ता स्वेटरात गुंडाळून मधोमध ठेवला आणि बत्ता आत वाजू नये म्हणून त्याच्या पोकळीत एक मोजा कोंबला. यादीतील नऊ नावांपुढे बाईंनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले. मग दिवा मालवण्यापूर्वी शिक्षकांनी हॅरोला फोन लावला. पलीकडे बराच वेळ घंटा वाजली. आत्या झोपेतून उठून आली आणि तिने विचारले, "काही विसरलास का रे?"